लिहिलेले, पण न वाचलेले : बालवयातील सोरायसिस आणि चयापचयाचे विकार

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



शताब्दीसारख्या मंगल प्रसंगी एखाद्या साहित्यिकाने, इतिहासाच्या अभ्यासकाने बोलावे हेच उचित. मेघदूतातील उज्जयिनी आहे, शिंद्यांच्या राजधानीचा काळ आहे, माळव्यात रुजलेल्या मराठी घराण्यांचा वारसा आहे. या नगरीत विषयांना तोटा नाही. अशा पंक्तीत माझ्यासारख्या बालरोगतज्ज्ञाला पाट मांडून आपण एका रुक्ष विषयावर बोलावयास सांगितलेत, याबद्दल मी कार्यकारिणीचा ऋणी आहे. विषय रुक्ष असला तरी त्याची सुरुवात मात्र याच वास्तूत झाली होती, हे मी आपणास सांगणार आहे. त्यात माझ्या एका चुकीची कबुलीही आहे.

गोष्ट १९८८ सालची. नऊ वर्षांच्या एका मुलाला त्याचे वडील माझ्या फ्रीगंजमधील दवाखान्यात घेऊन आले. कोपरांवर, गुडघ्यांवर आणि केसांच्या कडेने लालसर चट्टे, त्यांवर चंदेरी खपल्या, नखांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे. घरच्यांनी आधी त्याला नायटा समजून मलम लावले होते, मग इसब समजून पाला बांधला होता. शेजारच्या हिंदीभाषक मंडळींनी 'अपरस' असे अचूक नाव सांगितले होते, पण त्याबरोबर भीतीही दिली होती. मी सोरायसिसचे निदान केले, मलम लिहून दिले आणि दर दोन-तीन महिन्यांनी दाखविण्यास सांगितले.

वडील आपल्या ग्रंथालयाचे सभासद होते. दर शनिवारी ते मुलाला घेऊन येत आणि तो वाचनकक्षात बसून 'किशोर' आणि 'चांदोबा'चे अंक वाचीत असे. एका हिवाळ्यात त्याचे चट्टे फार वाढले. खपल्या टेबलावर पडत. शेजारी बसणारे एक वृद्ध वाचक खुर्ची सरकवून दूर बसू लागले. आणखी एका सद्गृहस्थांनी, या मुलाने हाताळलेले अंक वेगळे ठेवता येतील का, अशी हळूच विचारणा केली. मुलाने ती ऐकली. पुढच्या शनिवारी तो आला नाही, आणि त्यानंतर कधीच आला नाही. ती माणसे दुष्ट नव्हती. त्यांना ठाऊक नव्हते, एवढेच. ज्याला ठाऊक होते असा एक सभासद मात्र त्या काळीही या ग्रंथालयात होता, आणि तो म्हणजे मी. वडिलांनी मला हे सांगितले तेव्हा मी हळहळलो. इथे येऊन चार शब्द बोलावेत, हे मला सुचले नाही. आज ते पस्तीसहून अधिक वर्षांनी बोलत आहे.

तेव्हा प्रथम तेच सांगतो. सोरायसिस हा संसर्गजन्य रोग नाही. स्पर्शाने, एका टॉवेलाने, एका ताटाने किंवा एका पुस्तकाने तो कोणालाही होत नाही. आपल्या त्वचेच्या वरच्या थरातील पेशी साधारणतः चार आठवड्यांत तयार होऊन झडतात. सोरायसिसमध्ये हेच काम चार-पाच दिवसांत उरकले जाते. कच्च्या पेशी एकावर एक साचतात, त्यांच्या खपल्या होतात. या घाईचे कारण त्वचेत नसून शरीराच्या संरक्षणव्यवस्थेत असते. शत्रू नसताना ती शस्त्रे परजते आणि स्वतःच्याच अंगावर चालवते. प्रवृत्ती पुष्कळदा आनुवंशिक असते. ती जागी होण्यास कधी घशातील जंतुसंसर्ग पुरतो, कधी खरचटण्याची जखम, कधी मनाला बसलेला धक्का. या रोगाच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांत त्याचा आरंभ बालवयात किंवा किशोरवयात होतो. आपल्या देशात चंदीगडच्या स्नातकोत्तर वैद्यकीय संस्थेने २००४ मध्ये अशा ४१९ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. तेव्हा हा काही 'साहेबांचा रोग' नव्हे. तो आपल्या शाळांतून आणि आपल्या घरांतून आहे.

या रोगाभोवतीची भीती मात्र फार जुनी आहे. आयुर्वेदात 'कुष्ठ' हा शब्द अनेक त्वचारोगांसाठी योजलेला आहे. पुढे तो एकाच रोगाला चिकटला आणि त्या रोगाची दहशत प्रत्येक चट्ट्यावर पसरली. युरोपातही सोरायसिसचे रुग्ण शतकानुशतके महारोग्यांत गणले गेले. १८४१ मध्ये व्हिएन्नाच्या फर्डिनांड हेब्रा यांनी हे दोन रोग निर्विवादपणे वेगळे दाखविले. अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी आणि वरोड्याच्या आनंदवनात बाबा आमट्यांनी प्रत्यक्ष कुष्ठरोग्यांना माणसांत बसविले. आपण मात्र कुष्ठरोग नसलेल्या मुलालाही वाचनकक्षातून उठविले, ही खंत मला आज व्यक्त करावीशी वाटते.

आता मुख्य विषयाकडे वळतो. तो मुलगा सात-आठ वर्षे माझ्याकडे येत राहिला. दरम्यान अन्य ठिकाणी त्याला वरचेवर इंजेक्शनेही मिळाली. त्याने चट्टे चार दिवस मावळत आणि दुपटीने उसळत. मग शिक्षणासाठी तो परगावी गेला. पुढे २०१३ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, छातीतील कळेमुळे त्याला रुग्णालयात दाखल करावे लागले. हृदयाची एक रक्तवाहिनी बंद झाली होती. रक्तातील साखर खूप वाढलेली निघाली, आणि मधुमेह आहे हे त्याच दिवशी प्रथम कळले. सुदैवाने तो वाचला. बरे वाटल्यावर मला भेटावयास आला, तेव्हा मी माझ्या जुन्या नोंदवह्या काढल्या.

त्या वहीत त्याचे वजन प्रत्येक वेळी लिहिलेले होते. औषधाची मात्रा ठरविण्यासाठी मी ते करीत असे. नवव्या वर्षी ३४ किलो, अकराव्या वर्षी ४६, तेराव्या वर्षी ६१. आकडे माझ्याच अक्षरात होते, परंतु ते एकाखाली एक ठेवून मी कधी पाहिले नव्हते. एका नोंदीत तर 'मानेवर काळसरपणा' असेही लिहिले होते आणि पुढे त्याबद्दल एक अक्षर नव्हते. श्रोतेहो, मी लिहिले, पण वाचले नाही. ग्रंथालयात उभे राहून याहून मोठी चूक कोणती कबूल करावी?

माझ्या बाजूने एवढेच म्हणता येईल की, त्या काळी शास्त्रही या दोन गोष्टी जोडून पाहत नव्हते. सोरायसिस हा कातडीचा रोग, तो कातडीच्या डॉक्टरांनी पाहावा. वजन हा आईच्या कौतुकाचा विषय, तो तिच्याकडे राहावा, अशी वाटणी होती. ही वाटणी मोडावयास सुरुवात झाली ती विशेषतः २००६ नंतर. त्या वर्षी जोएल गेलफंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील वैद्यकीय नोंदींच्या आधारे सोरायसिसच्या सुमारे एक लाख तीस हजार प्रौढ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हृदयविकाराच्या झटक्याची जोखीम त्यांच्यात अधिक आढळली. नवलाची गोष्ट अशी की, जोखमीतील ही वाढ सर्वांत ठळक होती ती तरुणांत. तीस वर्षे वयाच्या तीव्र सोरायसिसच्या रुग्णात ती समवयस्क निरोगी माणसाच्या सुमारे तिप्पट होती. तिसाव्या वर्षी हृदयविकार मुळात विरळा असतो, त्यामुळे तिप्पट म्हणजेही थोडाच, हे ध्यानात ठेवले पाहिजे. परंतु तिसाव्या वर्षी जे दिसते त्याची पेरणी कधी होते, हा प्रश्न त्यातून निघाला आणि तो बालरोगतज्ज्ञांच्या दारात येऊन उभा राहिला.

२०१० मध्ये जर्मनीतील विम्याच्या नोंदींवरून असे दिसले की, सोरायसिस असलेल्या मुलांत लठ्ठपणा, रक्तातील चरबीचे विकार, उच्च रक्तदाब आणि मधुमेह इतर मुलांपेक्षा अधिक आहेत. २०१३ मध्ये शिकागोच्या डॉ. एमी पॅलर यांच्या पुढाकाराने नऊ देशांतील पाच ते सतरा वर्षांच्या मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. सोरायसिस असलेल्या ४०९ मुलांपैकी सुमारे ३८ टक्के मुलांचे वजन वाजवीपेक्षा जास्त होते. इतर २०५ मुलांत हे प्रमाण सुमारे साडेवीस टक्के होते. तीव्र रोगाच्या मुलांत कंबरेभोवतीची चरबी विशेष होती.

आता या दोहोंतील नाते कसे समजावे? आपण चरबीला साठवणुकीची कोठी समजतो. धान्य भरून ठेवावे, अडचणीत काढावे, तसे. परंतु ही कोठी मुकी नाही. १९९३ मध्ये उंदरांवरील एका प्रसिद्ध प्रयोगात दिसून आले की, लठ्ठ प्राण्याची चरबी 'टीएनएफ' नावाचे एक प्रथिन रक्तात सोडते आणि ते इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते. इन्सुलिन म्हणजे पेशीचे दार उघडून साखर आत घेणारी किल्ली. कुलूप गंजले की किल्ली फिरत नाही. मग शरीर आणखी इन्सुलिन तयार करते, आणि एक दिवस त्याचीही शक्ती संपते. हाच मधुमेहाचा नेहमीचा मार्ग. आता योगायोग नव्हे असे पाहा : सोरायसिसच्या चट्ट्यात जी दाहक द्रव्ये सापडतात, त्यांतील एक प्रमुख द्रव्य हेच टीएनएफ. म्हणजे कोपरावरची आग आणि पोटातील चरबीची धग एकाच इंधनावर जळतात. चट्टा चरबीला उत्तेजन देतो, चरबी चट्ट्याला. हा दाह वर्षानुवर्षे रक्तातून फिरत राहिला की रक्तवाहिन्यांच्या अस्तरालाही झळ पोहोचते.

यात आधी काय आणि मागून काय, हा वाद संपलेला नाही. अमेरिकेतील एका छोट्या पाहणीत बहुतेक मुलांचे वजन चट्टे उमटण्यापूर्वीच वाढलेले होते. २०१८ मध्ये तेथेच सोरायसिस असलेल्या सुमारे तीस हजार मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. चयापचयाच्या विकारांत लठ्ठपणाचा वाटा सोरायसिसपेक्षा मोठा ठरला. मात्र लठ्ठ नसलेल्या सोरायसिसच्या मुलांतही जोखीम काहीशी वाढलेली होती. म्हणून मी माझ्या त्या रुग्णाविषयीही 'सोरायसिसमुळे हृदयविकार झाला' असे म्हणणार नाही. त्याच्या आजोळी मधुमेह होता. वाढते वजन होते. खेळ बंद होता. एका धाग्याने फास बसत नाही. पण एवढे धागे एका मुलाच्या गळ्याशी जमत असताना ते पाहणारा कोणी नव्हता, हे खरे.

शास्त्राच्या या नव्या बोलण्याला एक जुना प्रतिध्वनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात संतर्पणाचा, म्हणजे अतिपोषणाचा अध्याय आहे. त्यात अतिपोषणाने होणाऱ्या विकारांची यादी आहे, आणि तिच्यात प्रमेह, अतिस्थूलता, आळस यांच्याच ओळीत कंडू आणि कुष्ठ, म्हणजे त्वचेचे रोग, बसविलेले आहेत. प्राचीनांना सर्व ठाऊक होते असे म्हणण्याची आपल्याकडे एक हौस असते, ती माझ्यात नाही. टीएनएफ चरकांना ठाऊक नव्हते. परंतु निरीक्षण निरीक्षणच असते. स्थूल माणसाची लघवी, त्याचा आळस आणि त्याची त्वचा ही तिन्ही एकाच वैद्याने एकाच वेळी पाहिली, म्हणून ती एका यादीत आली. आपण तीन डॉक्टरांकडे तीन कागद केले, म्हणून ती वेगळी झाली.

याला दुसऱ्या बाजूची एक साक्षही आहे. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या युद्धकैदी छावण्यांत उपासमार सोसणाऱ्या कैद्यांचे सोरायसिसचे चट्टे मावळल्याचे सिमन्स या डच त्वचारोगतज्ज्ञाने १९४९ मध्ये नोंदविले. यावरून कोणी मुलांना उपाशी ठेवू नये! डेन्मार्कमध्ये २०१३ मध्ये साठ लठ्ठ प्रौढ रुग्णांवर नियंत्रित आहाराचा प्रयोग प्रसिद्ध झाला. वजन उतरलेल्यांचे चट्टे सुधारण्याकडे कल दिसला, पण तो निर्णायक ठरावा इतका नव्हता. त्यांचे रोजचे जगणे मात्र निश्चित सुसह्य झाले. वाढत्या वयाच्या मुलांत तर वजन उतरविण्यापेक्षा ते थोपवून उंचीला पुढे जाऊ देणे, हेच पुष्कळदा पुरे असते.

आता एक प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात आला असेल. 'आमचा नातू तर सडपातळ आहे, मग कसली काळजी?' या प्रश्नाचे उत्तर पुण्याने जगाला दिले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा आणि त्यांच्या अपत्यांचा अभ्यास आरंभिला. तेथील नवजात बालकाचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकाचे सुमारे साडेतीन किलो. आपले बाळ सर्वच बाबतीत लहान होते, पण त्याच्या अंगावरची चरबी मात्र त्या मानाने कमी नव्हती. कमी होते ते स्नायू. 'कृश तरीही मेदस्वी' असे हे भारतीय बालक. पुढे २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात डॉ. याज्ञिकांनी स्वतःचे आणि आपले इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. उंची-वजनाच्या हिशेबाने दोघांचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! काट्यावर सारखे दिसणारे दोन देह आतून किती वेगळे असतात, हे त्या एका चित्राने सांगितले.

याचा अर्थ आपल्या मुलांकडे पाहताना परदेशी मोजपट्टी पुरत नाही. पुण्याच्याच डॉ. अनुराधा खाडिलकर व डॉ. वामन खाडिलकर यांच्या कार्यामुळे भारतीय मुलांसाठी वाढीचे तक्ते तयार झाले आणि भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ मध्ये ते स्वीकारले. त्यांत आपल्या मुलांसाठी धोक्याची रेषा पाश्चात्त्य रेषेच्या खाली ओढलेली आहे. आणि हा प्रश्न थोड्यांचा नाही. २०१६ ते २०१८ या काळातील राष्ट्रीय पोषण पाहणीत पाच ते एकोणीस वर्षांच्या सुमारे दहा टक्के मुलामुलींत मधुमेहपूर्व अवस्था आढळली. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशातील मधुमेह्यांची संख्या दहा कोटी दहा लाख मांडली आहे. अशा भूमीवर सोरायसिसची ठिणगी पडते, तेव्हा अधिक सावध राहावयास हवे, एवढाच माझ्या सांगण्याचा मथितार्थ.

आता आपल्या घरांत डोकावू. मराठीत मुलाच्या लठ्ठपणाला कौतुकाचे शब्द पुष्कळ. बाळाने 'बाळसे धरले', मूल 'गुटगुटीत' आहे, पोरगा 'अंगाने भरला', 'खात्यापित्या घरचा' दिसतो. महाराष्ट्रात गुटगुटीत बालकांच्या स्पर्धा होत. जेथे पोरे खंगून दगावत होती, त्या काळात ते कौतुक रास्तच होते. पण काळ पालटला. उज्जैनची सकाळ पोहे-जिलेबीने उजाडते, दुपारी कचोरी येते, आणि सेवेवाचून तर आपल्याला वरणभातही गोड लागत नाही. हे सर्व मलाही आवडते, हे प्रामाणिकपणे सांगतो.

त्यात सोरायसिस झालेल्या मुलावर 'पथ्या'चा वेगळाच प्रयोग होतो. दही बंद, वांगे बंद, चिंच बंद. हे पदार्थ बंद केल्याने सोरायसिस हटतो, असे शास्त्राने दाखविलेले नाही. बिचाऱ्याचे एवढे तोडले म्हणून त्याची समजूत घालावयास मग बिस्किटे, फरसाण, गोड पेये यांचे दार सताड उघडे राहते. माझ्या त्या रुग्णाच्या घरी नेमके हेच झाले होते. दुसरी गोष्ट खेळाची. अर्ध्या चड्डीत चट्टे दिसतात म्हणून त्याने शाळेतील कवायत टाळली. घाटावर लोक टोकतात म्हणून क्षिप्रेत पोहणे सोडले. वाचनकक्षातून तो कसा गेला, ते सांगितलेच आहे. राहिली घरची खोली आणि खाण्याचा डबा. श्रोतेहो, त्या ३४ ते ६१ किलोंमध्ये काही किलो आपणा सर्वांचेही आहेत.

म्हणून करावयाचे काय, ते थोडक्यात सांगतो. यासाठी मोठ्या यंत्रांची गरज नाही. ज्या मुलाला सोरायसिस आहे त्याचे वजन आणि उंची वर्षातून एकदा तरी मोजावी आणि ते आकडे एकाच कागदावर, एकाखाली एक लिहावेत. शिवणकामाच्या फितीने कंबर मोजावी. ती उंचीच्या निम्म्याहून कमी असावी. तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी रक्तदाब पाहावा, आणि तो मुलांच्या दंडाला बसेल अशाच पट्ट्याने. नऊ ते अकरा या वयात रक्तातील चरबी एकदा तपासावी. वजन जास्त असेल आणि घराण्यात मधुमेहासारखी अन्य कारणे असतील, तर दहाव्या वर्षापासून, किंवा त्याआधी वयात आल्यास तेव्हापासून, दर तीन वर्षांनी साखर पाहावी. २०१७ मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञांनी बांधून दिलेला क्रम साधारण असाच आहे. मानेवर किंवा काखेत मखमलीसारखा काळसर थर दिसला, तर तो मळ समजून घासू नये. ती अनेकदा इन्सुलिनच्या अडथळ्याची खूण असते. सकाळी बोटे किंवा गुडघे आखडतात का, हेही विचारावे, कारण सोरायसिस सांध्यांतही उतरतो. आणि मूल उदास राहते का, हे तर आवर्जून पाहावे.

औषधांबाबत दोनच गोष्टी. तोंडाने किंवा इंजेक्शनाने दिलेली स्टेरॉइड्स सोरायसिस तात्पुरता दडपतात, बंद होताच तो उसळतो, आणि मधल्या काळात वजन व साखर वाढवून जातात. तीव्र स्टेरॉइडची मलमे दुकानातून चिठ्ठीवाचून घेऊ नयेत. २०१८ मध्ये शासनाने अशा अनेक मलमांना चिठ्ठीचे बंधन घातले, ते उगाच नव्हे. तज्ज्ञांच्या देखरेखीखालील उपचार आज पूर्वीपेक्षा पुष्कळ चांगले आहेत, आणि बहुसंख्य मुले त्यांवर उत्तम राहतात. मी घाबरविण्यासाठी आलेलो नाही. सोरायसिस असलेल्या प्रत्येक मुलाला मधुमेह होत नाही, पुष्कळांना होतच नाही. मी एवढेच म्हणतो की, जे लिहिलेले आहे ते वाचावे.

आणि वाचताना आवाज हळू ठेवावा. ज्या मुलाला कातडीची लाज वाटते, त्याला आता पोटाचीही लाज वाटावयास लावू नका. 'कमी खा' असे त्याला एकट्याला सांगून काही साधत नाही. ताट साऱ्या घराचे बदलावे लागते. संध्याकाळी आजोबांनी नातवाला बरोबर घेऊन फिरावयास जावे. मालिश, तेलपाणी आणि गप्पा तिथेच व्हाव्यात. त्यात दोघांच्याही साखरेचे कल्याण आहे.

शेवटी या संस्थेपाशी एक मागणे आहे. शंभर वर्षे या ग्रंथालयाने माळव्यातील मराठी माणसाच्या हाती पुस्तक दिले. दुसऱ्या शतकात पाऊल टाकताना बालविभागात एक छोटा फलक लावावा, एवढेच : 'या खोलीतील कोणत्याही मुलाच्या अंगावरचा चट्टा तुम्हांला लागणार नाही. जवळ बसा.' मजकूर आपण सुधारून घ्यावा. अर्थ तेवढा राहू द्यावा.

तो मुलगा आज चाळिशी उलटून गेलेला गृहस्थ आहे. नियमाने चालतो, औषधे घेतो, त्याची साखर आटोक्यात आहे आणि चट्टे पुष्कळ कमी आहेत. त्याच्या अनुमतीनेच मी हे सांगितले. अनुमती देताना त्याने मला एकच विचारले, 'डॉक्टरकाका, तिथे अजून चांदोबाचे जुने अंक आहेत का हो?' मी ग्रंथपालांकडे चौकशी केली. बांधीव खंड आहेत. त्यांपैकी एक मी माझ्या नावावर घेऊन त्याच्याकडे पोहोचविणार होतो. मग विचार केला, नको. त्याने स्वतः यावे, आणि आपण त्याला बसावयास खुर्ची द्यावी.